परदेशांतील उमेदवारी आणि साह्याचा अर्ज

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत युवक व पालक यांच्या मेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या दिवसांत तुम्हीं पुष्कळ भाषणें ऐकलीं आहेत. मंदिर कसें उभें राहिलें, घंटा कोणीं दिली, पहिला बँड कोणत्या सणाला वाजला, हें सर्व वडीलधाऱ्यांनीं सांगितलें, आणि तें त्यांनींच सांगावें हें योग्य. मंडळानें मजकडे सोंपविलेला विषय निराळा आहे. शिकत असतांनाच कांहीं महिने परदेशीं जाऊन एखाद्या प्रयोगशाळेंत, रुग्णालयांत किंवा कारखान्यांत काम शिकावयाचें, याला आमचीं मुलें इंटर्नशिप म्हणतात. आपल्या भाषेंत त्याला उमेदवारी हा जुना व चांगला शब्द आहे. या उमेदवारीसाठीं लागणारा पैसा कोणाकडे व कसा मागावा, हा तो विषय. महोत्सवांत पैशाची गोष्ट कशाला, असें कोणास वाटेल. परंतु गेल्या कांहीं वर्षांत माझ्या कचेरीच्या पायऱ्या चढून जे पालक येतात, त्यांपैकीं बरेचजण याच कामासाठीं येतात. आणि येतात तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो.

आपण वसईकडील लोक कष्टाला भीत नाहीं. कर्जालाही फारसे भीत नाहीं. मुलीच्या लग्नासाठीं पांच लाखांचें कर्ज काढावयाचें झालें तर घरांत त्यावर दोनदां बोलणेंसुद्धां होत नाहीं. आपण भितों तें मागण्याला. "कोणापुढें हात पसरणार नाहीं फादर, त्यापेक्षां वाडीचा एक तुकडा विकीन," हें वाक्य मीं अनेक वेळां ऐकलें आहे, आणि तें बोलणारा मनुष्य तें मान ताठ ठेवून बोलतो. त्याचा अभिमान खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. पण वाडी एकदां गेली कीं परत येत नाहीं, आणि तीन महिन्यांच्या उमेदवारीसाठीं तीन पिढ्यांची जमीन घालविणें हा व्यवहार कोणत्याही हिशेबांत बसत नाहीं. त्यांतून, ज्या कामासाठीं ती विकावयाची त्याच कामासाठीं पैसे बाजूला काढून एखादी संस्था योग्य अर्जाची वाट पाहत बसलेली असली, तर मग काय म्हणावें?

ज्यांना मागणें कमीपणाचें वाटतें त्यांनीं आपल्याच इतिहासाकडे पाहावें. १९१८ सालीं वसईंत बॅसीन कॅथोलिक पतपेढी निघाली. तीच पुढें वाढून बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक झाली. ती काढण्यांत पुढाकार घेणारे मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनिस हे धर्मगुरूच होते. सावकाराच्या ओट्यावर बसून मागणें आणि पतपेढीच्या मेजापुढें उभें राहून मागणें, यांत फरक कोणता? सावकारापुढें तोंड लहान करावें लागे. पतपेढीनें विचारलें, पैसे कशासाठीं पाहिजेत, किती पाहिजेत, फेडणार कसे, आणि तुम्हांस ओळखणारे दोन जामीन कोण? चार प्रश्नांचीं चार सरळ उत्तरें देणाऱ्यास मान खालीं घालण्याचें कारण उरलें नाहीं. आज मी ज्या अर्जांविषयीं बोलणार आहें, ते याच जातीचे आहेत. विचारणारे दूरच्या देशांत बसलेले असतात, अर्ज संगणकावर भरावयाचा असतो, एवढाच काय तो भेद.

आतां दोन माणसांची गोष्ट सांगतों. दोघांनींही शिक्षणासाठीं परक्या देशांत साह्य मागितलें. एकानें एका रीतीनें, दुसरीनें दुसऱ्या.

पहिला मनुष्य धर्मगुरूच. रॉटरडॅमचे इरॅस्मस हे १४९२ सालीं धर्मगुरू झाले आणि १४९५ मध्यें ईश्वरविद्या शिकण्यासाठीं पॅरिसला गेले. कांब्रेच्या बिशपांनीं खर्चाचें आश्वासन दिलें होतें; पण पैसे कधीं आले, कधीं आले नाहींत. ज्या विद्यालयांत ते राहिले तेथील कुजक्या अंड्यांची तक्रार त्यांनीं पुढें जन्मभर केली. (सेमिनरींत राहिलेल्या आम्हां मंडळींना ही तक्रार अगदींच परकी वाटत नाहीं.) मग ते श्रीमंत घरच्या मुलांस शिकवून पोट भरूं लागले, आणि त्याबरोबर आश्रयदात्यांस पत्रें लिहूं लागले. व्हेरे येथील आना या सरदारीण बाईंना त्यांनीं केलेली स्तुति वाचतांना आपणांसच अवघडल्यासारखें होतें. आणि बाईंच्या पदरीं असलेल्या आपल्या मित्रास त्यांनीं कळविलें कीं, इतर पंडितांपेक्षां माझ्यावर खर्च केला तर बाईंचें नांव अधिक राहील हें त्यांना पटवून दे. एवढें करूनही त्या स्तुतीचें फळ त्यांच्या अपेक्षेइतकें मिळालें नाहीं. इतका मोठा विद्वान, पण अर्ज करण्यांत कच्चा.

दुसरी आपल्याकडचीच, शेजारच्या कल्याणची: आनंदीबाई जोशी. तिचे पति गोपाळराव यांनीं पत्नीच्या वैद्यकीय शिक्षणासाठीं साह्य मिळावें म्हणून वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. ख्रिस्ती व्हाल तर मदत करूं, असें त्यांस सुचविण्यांत आलें, व तें त्यांनीं मानलें नाहीं. त्या अटीबद्दल आपण ख्रिस्ती लोकांनीं आजही थोडी मान खालीं घालावी, असें मला वाटतें. पण तो पत्रव्यवहार वाइल्डरनें आपल्या मासिकांत छापला, आणि न्यू जर्सीमधील कारपेंटर नांवाच्या बाईंनीं, दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असतां, तो सहज वाचला. त्यांनीं आपण होऊन आनंदीबाईंस पत्र लिहिलें. १८८३ सालीं आनंदीबाई अमेरिकेस पोंचल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास त्यांनीं अर्ज केला. त्या वेळीं त्या अठरा वर्षांच्या होत्या. प्रवेशाच्या सर्व अटी मी कदाचित् पुऱ्या करणार नाहीं, हें त्यांनीं त्या अर्जांत आपण होऊन लिहिलें. माझ्या देशांतील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार करून घेण्यापेक्षां दुखणें सोसणें पत्करतात, त्यांच्यासाठीं मी आलें आहें, हें लिहिलें. आणि स्वतःसाठीं मी कांहीं मागत नाहीं, त्या कामास योग्य होण्यापुरतें जें लागेल तेवढेंच मागतें, अशा अर्थाचें लिहिलें. महाविद्यालयानें त्यांना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. १८८६ च्या मार्चमध्यें त्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत, बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, पुण्यास त्यांचा अंत झाला, हें आपणांस ठाऊक आहेच.

इरॅस्मसनीं देणाऱ्याची स्तुति केली. आनंदीबाईंनीं कामाचें वर्णन केलें. मुलांनो, तुमच्या अर्जांत कोणाचें वर्णन अधिक आहे तें पाहा. मजकडे दाखवावयास आणलेल्या दहा अर्जांपैकीं नऊ अर्जांत देणाऱ्या संस्थेची थोरवी आणि स्वतःची आवड यांनींच पान भरलेलें असतें. "आपल्या जगप्रसिद्ध संस्थेंत काम करण्याचें माझें लहानपणापासूनचें स्वप्न आहे." ती संस्था तुम्हीं गेल्या आठवड्यांत प्रथम ऐकली, हें त्यांनाही कळतें.

दारें कोणकोणतीं आहेत तें आतां सांगतों. सर्व सांगणें शक्य नाहीं, ज्यांची रीत समजण्यासारखी आहे तींच सांगतों. कॅनडामध्यें मायटॅक्स नांवाची संस्था आहे. तिची ग्लोबलिंक म्हणून एक योजना आहे, तींत भारतासह कांहीं देशांतील पदवीपूर्व विद्यार्थी मे ते ऑक्टोबर यांच्या दरम्यान बारा आठवडे कॅनडांतील विद्यापीठांत एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखालीं संशोधन करतात. विमानभाडें, राहण्याचा खर्च, आरोग्यविमा यांची सोय त्या योजनेंतून होते. तेथें प्रथम प्राध्यापक शोधावा लागत नाहीं. कामांची यादी दिलेली असते, तींतून निवड करून अर्ज करावयाचा. जर्मनीची रीत उलट. तेथें १९२५ सालीं स्थापन झालेली डाड ही संस्था आहे. विज्ञान व अभियांत्रिकी शिकणाऱ्या भारतीय मुलांसाठीं तिनें वाईज नांवाची उमेदवारीची शिष्यवृत्ति चालविली, आणि तिची अट अशी कीं आधीं जर्मन प्राध्यापकाचें निमंत्रण मिळवा, मग पैशाचा अर्ज करा. हा फरक ध्यानांत ठेवा, कारण त्याचा घोटाळा झाल्यामुळें काय होतें तें पुढें सांगणार आहें. कांहीं संस्था स्वतःच खर्च करतात. जपानांतील ओकिनावा येथील विज्ञान-तंत्रज्ञान संस्था आपल्या उमेदवारांस जाण्यायेण्याचें भाडें, राहण्याची जागा व दैनिक भत्ता देते. या योजनांचे नियम दरवर्षीं थोडे बदलतात, म्हणून माझ्या शब्दावर विसंबूं नका. त्या त्या संस्थेनें स्वतः प्रसिद्ध केलेलें त्या वर्षाचें पत्रक पाहा.

एक दार मात्र असें आहे कीं आपलीं मुलें त्याच्या उंबरठ्यावर उभीं असूनही तें पाहत नाहींत. आपल्या धर्मग्रामांतील कांहीं मुलें आज इटलीत, आयर्लंडांत, जर्मनींत पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत. युरोपियन संघाची १९८७ सालीं सुरू झालेली एक योजना आहे. तिचें नांव, गंमत अशी कीं, त्या आपल्या कुजक्या अंड्यांच्या धर्मगुरूंचेंच: इरॅस्मस. त्या योजनेंत उमेदवारीसाठीं दोन महिन्यांपासून बारा महिन्यांपर्यंत दुसऱ्या देशांत जाण्यास साह्य मिळतें. आमच्या मुलांची समजूत अशी कीं हें सर्व गोऱ्यांच्या मुलांसाठीं. तसें नाहीं. योजनेंत सामील असलेल्या विद्यापीठांत ज्याचें नांव दाखल आहे त्याला अर्ज करतां येतो, मग त्याचा पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. अर्ज ब्रुसेल्सला पाठवावयाचा नसतो. आपल्याच विद्यापीठाच्या परदेश-विभागाच्या कचेरींत द्यावयाचा असतो. विद्यार्थी, त्याचें विद्यापीठ व काम देणारी संस्था, या तिघांच्या सह्यांचा एक करार होतो. काय शिकावयाचें, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखालीं, हें सर्व त्यांत लिहिलेलें असतें. शिकत असतांना निवड झाली असेल तर पदवी मिळाल्यानंतरच्या एका वर्षाच्या आंतही जातां येतें. ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्या आईबापांनीं आज रात्रीं फोनवर बोलतांना जेवणाची चौकशी झाल्यावर हेंही विचारावें.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतों. हीं बहुतेक दारें विज्ञान व अभियांत्रिकीच्या मुलांसाठीं आहेत. कला आणि वाणिज्य शाखेंतील मुलांस तीं थोडीं आहेत. त्यांनीं निराश होऊं नये, पण शोध अधिक करावा लागेल हें आधींच समजून चालावें.

आतां जी हकीगत सांगतों ती आपल्याच धर्मग्रामांतील आहे. त्या मुलीचें नांव घेत नाहीं. ती येथें बसलेली आहे आणि तिनें परवानगी दिली आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असतांना तिला जर्मनींतील एका प्राध्यापकाचें निमंत्रण आलें. घरांत आनंद झाला, शेजाऱ्यांस पेढे वाटले गेले. वडील मजकडे आले ते वाडीच्या दहा गुंठ्यांचे कागद घेऊनच. त्यांना कोणा मध्यस्थानें सांगितलें होतें कीं व्हिसा, तिकीट, राहणें आणि माझें मानधन मिळून साडेतीन लाख लागतील, त्यांतील एक लाख आधीं द्या, पुढचें मी हमखास करून देतों. मीं तें निमंत्रणपत्र वाचून पाहिलें. त्यांत मुलीचें कौतुक होतें, कामाचा विषय होता, तारखा होत्या. पैशाविषयीं एक अक्षर नव्हतें. निमंत्रण म्हणजे खर्च नव्हे, हें त्या घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. आणि ज्या शिष्यवृत्तीसाठीं त्या निमंत्रणाचा उपयोग झाला असता, तिची मुदत चार महिन्यांपूर्वींच संपली होती.

वडिलांचें म्हणणें एकच: संधि पुन्हां येत नाहीं, फादर. मीं म्हटलें, प्राध्यापकांना विचारून तर पाहूं. मुलीनें सरळ पत्र लिहिलें: मला साह्याशिवाय येतां येणार नाहीं, यंदाची मुदत गेली आहे, पुढच्या वर्षीं हेंच निमंत्रण द्याल काय? तीन दिवसांत उत्तर आलें. त्या गृहस्थांस त्यांत कांहींच विशेष वाटलें नव्हतें. पुढच्या वर्षीं या, असें त्यांनीं लिहिलें. वाडीचे कागद परत कपाटांत गेले. त्या मध्यस्थास मात्र फार वाईट वाटलें.

मिळालेल्या वर्षांत तिनें हेतुपत्र पुन्हां लिहिलें. पहिल्या मसुद्यांत तींच नेहमींचीं वाक्यें होतीं, विज्ञानाची आवड आणि लहानपणचें स्वप्न. मीं विचारलें, त्या प्राध्यापकांचें काम कशावर आहे? तर गोड्या पाण्याच्या तळ्यांतील जंतूंवर. मग तूं लहानपणापासून कोणत्या पाण्याच्या कांठीं वाढलीस? ती हसली. तुम्हीं सर्वांनीं ओळखलें असेलच. आमच्या वाड्यांतून बावखलें आहेत, पावसाचें गोडें पाणी धरून ठेवणारीं. त्यांवर केळीचे व फुलांचे मळे पोसले गेले. कांहीं आतां बुजविलीं गेलीं, कांहींत घाण पाणी सोडलें जातें. या मुलीनें महाविद्यालयाच्या प्रयोगासाठीं आपल्याच घरामागील बावखलाचें पाणी सहा महिने तपासलें होतें, आणि तें तिला अर्जांत लिहिण्यासारखें वाटलें नव्हतें! तें तिनें लिहिलें: काय मोजलें, कशानें मोजलें, कोणती तपासणी येथें साधनांच्या अभावीं करतां आली नाहीं, ती तेथें शिकून परत आल्यावर कोणत्या पाण्यावर करावयाची आहे. सबंध पत्र दीड पानाचें झालें. त्यांत स्वप्न हा शब्द राहिला नाहीं.

येथें पुष्कळांची अपेक्षा असेल कीं त्या पत्रावर शिष्यवृत्ति मिळाली. नाहीं मिळाली. अर्ज करणारे पुष्कळ असतात, निवडले जाणारे थोडे. चांगला अर्जही नाकारला जातो, आणि त्यांत कोणाचा अन्याय शोधूं नये. परंतु तेंच पत्र तिनें प्राध्यापकांस पाठविलें, तेव्हां त्यांनीं आपल्या संशोधनाच्या निधींतून राहण्याचा खर्च देऊं केला. महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनीं तिकिटाचा अर्धा भार उचलला. उरलेल्या ऐंशी हजारांसाठीं पतपेढीचें कर्ज झालें. दोन जामिनांपैकीं एक शाळेंतील तिच्या जुन्या बाई होत्या. तीन महिने ती जाऊन आली. कर्ज दोन वर्षांत फिटलें. वाडी जेथल्या तेथें आहे.

या हकीगतीवरून अर्जाच्या अंगांविषयीं जें मला सांगावयाचें आहे त्यांतील बरेंचसें सांगून झालें. थोडें राहिलें तें सांगतों.

पहिली गोष्ट वेळेची. मे महिन्यांत जावयाचें असेल तर अर्ज आदल्या वर्षाच्या पावसाळ्यांत तयार पाहिजे. गेल्या कांहीं वर्षांत कॅनडाच्या योजनेची मुदत सप्टेंबराच्या सुमारास संपत आली आहे, जर्मनीची नोव्हेंबरच्या आरंभीं. रोपें आषाढांत लावावयाचीं, दिवाळींत नव्हे, हें शेतकऱ्यांच्या मुलांस मीं शिकवावयास पाहिजे काय? प्राध्यापकास पत्र लिहावयाचें तर त्याचा एखादा लेख वाचून, चार ओळींत, त्याच्या कामांतील कोणता भाग तुम्हांस येतो व कोणता शिकावयाचा आहे तें लिहा. एकच पत्र शंभर जणांस पाठविणाऱ्यास एकही उत्तर येत नाहीं, आणि येऊं नयेही.

दुसरी गोष्ट शिफारसपत्रांची. हीं मजकडे मागितलीं जातात म्हणून बोलतों. "सुशील, सद्वर्तनी, नियमित मिस्सेला येणारा" असें मी आनंदानें लिहून देईन, पण म्युनिकच्या प्रयोगशाळेंत त्याचा उपयोग नाहीं. ज्या शिक्षकानें तुम्हांस काम करतांना पाहिलें आहे त्याच्याकडे जा, मुदतीच्या एक महिना आधीं जा, आणि तुम्ही काय केलें त्याचा कागद बरोबर न्या. स्वतःच पत्र लिहून शिक्षकाची नुसती सही घेण्याची जी पद्धति पडली आहे ती वाईट आहे. तसलीं पत्रें एकमेकांसारखीं दिसतात, व वाचणारे मूर्ख नसतात.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि येथें आमचे लोक दोन्ही बाजूंनीं चुकतात. कोणी आंकडा फुगवितो. पण अधिकजण संकोचानें कमी मागतात, आणि मग परक्या गांवीं अर्ध्या महिन्यांत पैसे संपतात. बुरूज बांधूं इच्छिणारा आधीं बसून खर्चाचा अंदाज घेतो, हें प्रभूनें सांगितलेलें तुम्हांस ठाऊक आहे. तर बसा, आणि लिहा: पासपोर्ट, व्हिसाचें शुल्क, विमानभाडें, खोलीची अनामत, खोलीचें भाडें, रोजचा प्रवास, जेवण. शेंगेन देशांत थोड्या मुदतीच्या व्हिसासाठीं निदान तीस हजार युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. तो खर्च लिहावयाचा बहुतेक सर्व विसरतात. घरचे किती देऊं शकतात तें खरें लिहा. दुसरीकडेही अर्ज केला असेल तर तेंही लिहा. एकाच खर्चासाठीं दोघांकडून पैसे घेऊन गप्प बसणें याला दुसरें नांव आहे, आणि तें तुम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकलां आहां.

याच हिशेबांत एक छुपा खड्डा आहे, आणि गरीब घरचीं मुलें त्यांत पडतात. मंजूर झालेलें साह्य नेहमींच जाण्यापूर्वीं हातांत येत नाहीं. कोठें पहिला हप्ता तेथें पोंचून बँकेंत खातें उघडल्यावर मिळतो. कोठें तिकिटाचे पैसे पावती दाखविल्यावर परत मिळतात. इरॅस्मसच्या योजनेंत बहुधा मोठा भाग आधीं व उरलेला अहवाल दिल्यानंतर दिला जातो. म्हणजे दुसऱ्याच्या पैशानें जावयाचें म्हटलें तरी आधीं आपलेच लाखभर रुपये हातीं असावे लागतात. शिष्यवृत्ति मिळालेला मुलगा केवळ तिकिटाच्या पैशांमुळें राहिला, असें आपल्या धर्मग्रामांत होऊं नये. म्हणून मंडळापुढें मीं सूचना ठेवली आहे कीं महोत्सवाच्या वर्गणींतून जें शिल्लक राहील त्याचा एक फिरता निधि करावा. ज्याच्या हातांत मंजुरीचें पत्र आहे त्याला त्यांतून बिनव्याजी रक्कम द्यावी, आणि साह्य हातीं पडतांच त्यानें ती परत करावी, म्हणजे ती पुढच्यास जाईल. ही कल्पना माझी नव्हे. जमशेटजी टाटांनीं १८९२ सालीं परदेशीं उच्च शिक्षणासाठीं जो निधि काढला तो दानाचा नसून कर्जाऊ शिष्यवृत्तीचा आहे. एकानें फेडावें, दुसऱ्यानें जावें. त्याच्या पहिल्या दोन लाभार्थी दोन स्त्री-डॉक्टर होत्या, त्यांतील एक कृष्णाबाई केळवकर. आपला निधि त्यापुढें मुंगीएवढा असेल. महोत्सवाची कमान मोठी करावी कीं हा निधि करावा, यावर मंडळांत दोन मतें आहेत. माझें मत कोणतें तें आतां सर्वांस कळलेंच आहे, आणि कमानीच्या बाजूचे गृहस्थ पुढच्याच रांगेंत बसले असल्यामुळें मी अधिक बोलत नाहीं.

चौथी गोष्ट मध्यस्थांची. मीं ज्या योजनांचीं नांवें घेतलीं त्यांतील एकीलाही मध्यस्थ लागत नाहीं. जो मनुष्य हमखास म्हणतो तो शिष्यवृत्ति देणारा नव्हे. आणि ज्या उमेदवारींत काम तुम्ही करावयाचें व वर शुल्कही तुम्हींच द्यावयाचें, तिच्याकडे मी संशयानेंच पाहतों. फुकट राबणें परवडतें तें श्रीमंताच्या मुलास. गरिबाच्या मुलास तेवढ्यासाठीं वाडी विकावी लागते.

शेवटीं नांवांविषयीं. हें माझ्या कचेरीचें दुखणें आहे. आपल्या समाजांत डिमेलो, डिसोजा, रॉड्रिग्ज हीं नांवें इंग्रजींत तीन तीन तऱ्हांनीं लिहिलीं जातात. बाप्तिस्म्याच्या वहींत एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरें, आधारकार्डावर तिसरें; कोठें बापाचें नांव मध्यें आहे, कोठें नाहीं, कोठें घरांतील लाडकें नांवच दाखल्यावर चढलेलें आहे. येथें त्यानें कांहीं अडत नाहीं, कारण येथें सर्व एकमेकांस ओळखतात. परक्या देशाच्या कचेरींत मात्र तीं तीन निराळीं माणसें ठरतात, आणि दुरुस्तीला महिने लागतात.

तेव्हां पुढील रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या खालच्या वर्गांत आपल्या युवकमंडळाचे तिघेजण बसणार आहेत. ती जर्मनीला जाऊन आलेली मुलगी त्यांत आहे. ज्यांना पुढच्या वर्षीं अर्ज करावयाचा आहे त्यांनीं आईबापांपैकीं एकास बरोबर घेऊन यावें, आणि येतांना बाप्तिस्म्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड आणि असल्यास पासपोर्ट, हे सर्व कागद एका पिशवींत घालून आणावे. प्रथम नांवें जुळतात कीं नाहीं तें पाहूं, हेतुपत्राचें त्यानंतर.